दोन सुतांचे अंतर

मापाच्या बाबतीत इचलकरंजीकराला कोणी काही शिकवावे, अशी स्थिती नाही. माग किती इंची, सूत किती काउंटाचे, फणी कोणत्या नंबरची, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून या गावात कोणताही व्यवहार पुढे सरकत नाही. ४४ इंची मागावर ५२ इंची कापड निघत नाही, हे येथे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. अशा या गावात गेल्या महिन्यात सायकलीचे एक धडधाकट चाक केवळ सहा मिलिमीटरांच्या फरकापायी भंगारवाल्याच्या तराजूत जाता जाता वाचले. सहा मिलिमीटर म्हणजे आपल्या सुतारा-फिटरांच्या भाषेत दोन सुतांना थोडे कमीच. घटना क्षुल्लक आहे. तिच्यामागे उभा असलेला प्रश्न मात्र तसा नाही, म्हणून तिची दखल घेणे आवश्यक वाटते.

आमच्या परिचयाच्या एका कारकुनाचा मुलगा येथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोंगरवाटांवर सायकल हाकण्याचा त्याला नाद. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघावे, जोतिबाचा डोंगर चढावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, असा त्याचा परिपाठ. त्याच्या माउंटन बाइकच्या फ्रेमला तडा गेला. चाके मात्र उत्तम राहिली. पुण्यातील एका गृहस्थाने वापरलेली, पण बऱ्यापैकी नवी अशी फ्रेम त्याला स्वस्तात दिली. जुनी चाके, जुनाच पुढचा फोर्क आणि नवी फ्रेम, असा साधा हिशेब होता. मागचे चाक बसवायला गेल्यावर कळले की, ते फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये खुळखुळते आहे. चाकाच्या हबची रुंदी १४२ मिलिमीटर आणि फ्रेममधील जागा १४८ मिलिमीटर. मोठ्या शहरातील एका दुकानाने त्याला दूरध्वनीवर एका वाक्यात निकाल दिला: चाक नवीन घ्या. त्या चाकाची किंमत वडिलांच्या पगाराशी ताडून पाहिल्यावर तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

हबची रुंदी म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. चाकाच्या मध्यभागी जो हब असतो, त्याच्या दोन टोकांमधले अंतर आणि फ्रेमच्या ज्या दोन दांड्यांत तो बसतो त्यांच्या आतल्या बाजूंमधले अंतर, ही दोन मापे तंतोतंत जुळावी लागतात. आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळ्या सायकलींच्या बाबतीत हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. हीरो असो, अ‍ॅटलास असो वा रॅले, मागे एकच दातेरी चक्र असल्याने सुमारे ११० मिलिमीटरांची जागा पुरत असे आणि एका सायकलीचे चाक दुसरीला सहसा बसत असे. म्हणूनच गावोगावचा दुरुस्तीवाला मापे न विचारता चाक विकू शकत होता. पुढे गिअर आले. पाच चक्रांसाठी १२० मिलिमीटर, सहांसाठी १२६, मग १३०. १९९० च्या दशकाच्या आरंभी माउंटन बाइकचे माप १३५ वर स्थिरावले आणि बराच काळ तेथे राहिले. २०१० च्या सुमारास १२ मिलिमीटर जाडीचा, आरपार जाणारा एक्सल आला आणि त्याबरोबर १४२ आले. तो हब लोकांच्या अंगवळणी पडतो न पडतो तोच, २०१४-१५ मध्ये १४८ चे नवे माप बाजारात उतरले. पुढच्या चाकाचे १०० चे ११० झाले ते त्याच सुमारास. जे माप २० वर्षे टिकत होते ते आता पाच वर्षांत जुने ठरू लागले.

यात मौजेची गोष्ट अशी की, माउंटन बाइक हा प्रकारच मुळी जुन्या-नव्याची सांगड घालून जन्माला आला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपाइस या डोंगराच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुणांनी ३०-४० वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या श्विन सायकली भंगारातून उचलल्या. त्यांना लांब पल्ल्याच्या सायकलींचे गिअर जोडले, ड्रम ब्रेक बसवले, मोटारसायकलीचे ब्रेक-दांडे लावले. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी तेथील एका उतारावर पहिली शर्यत घेतली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही त्यांतील नावे आज सायकलींच्या इतिहासात आदराने घेतली जातात. ज्या वस्तूचा जन्म भंगारातून झाला, तिच्याच वंशजांना पाच-दहा वर्षांत भंगारात काढावे असे कारखानदार म्हणू लागले, तर त्या डोंगरावरच्या मंडळींना हसू येईल की राग, कोण जाणे.

हा सारा ग्राहकाला लुबाडण्याचा डाव आहे, असे म्हणून टाळ्या मिळवणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही, कारण ते पूर्ण सत्य नाही. २६ इंची चाकाच्या जागी २९ इंची चाक आले तेव्हा त्याच्या तारा, म्हणजे स्पोक, लांब झाल्या. हबच्या दोन कडा, जेथून तारा निघतात, त्या मात्र पूर्वीइतक्याच अंतरावर राहिल्या. तंबूचा खांब उंच करावा आणि दोरांचे खुंटे मात्र होते तेथेच ठेवावेत, तसा हा प्रकार. परिणामी चाक आडव्या धक्क्याने अधिक लवते. हबच्या कडा दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर दूर सरकवल्या की तारांचा तिरपेपणा वाढतो आणि चाक ताठ होते. शिवाय रुंद टायरला जागा मिळते. हे यंत्रशास्त्र खरे आहे. पण हा लाभ कोणाला जाणवतो? दगडधोंड्यांवरून उंच उड्या घेत स्पर्धेत उतरणाऱ्याला जाणवत असेल. इचलकरंजीहून जोतिबाला जाऊन येणाऱ्याला तो जाणवणार नाही. डिस्क ब्रेकच्या रस्त्यावरील सायकलींत हेच १४२ चे माप आजही प्रचलित आहे, ही गोष्टही या संदर्भात बोलकी आहे. म्हणजे ते माप टाकाऊ झालेले नाही. फक्त एका प्रकारच्या फ्रेमने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. नवे माप आणण्याचा कारखानदाराचा हक्क आम्हाला मान्य आहे. जुन्या मापाच्या धन्याला वाऱ्यावर सोडण्याचा हक्क मात्र त्यातून आपोआप निघत नाही.

मुलाने ते चाक अखेर गावातल्याच एका वयोवृद्ध दुरुस्तीवाल्याकडे नेले. म्हाताऱ्याने ते हातात धरून एकदा फिरवले आणि म्हणाला, "चाकाला काय झालंय रं? भिंगरीगत फिरतंय की." मुलगा म्हणाला, "मामा, चाक चांगलंय, पण बसत न्हाई." मग व्हर्निअर आला, मापे घेतली गेली, कागदावर आकृती निघाली. आकृती काढली मुलाने आणि तिच्यातली चूक दाखवली मामांनी, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

मुलाचा विचार असा होता की, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरांच्या चकत्या घालाव्यात, म्हणजे चाक मधोमध राहील आणि काम संपेल. दिसायला हे निर्दोष आहे. पण मग दातेरी चक्रांचा संच उजव्या दांडीपासून तीन मिलिमीटर आत राहतो, आणि नव्या फ्रेमची सारी रचना, साखळीची रेषा आणि गिअर बदलणारा दांडा यांच्यासह, तो संच दांडीपासून पूर्वीइतक्याच अंतरावर असेल असे गृहीत धरून केलेली असते. म्हणून मामांनी सहाच्या सहा मिलिमीटर डाव्या बाजूला घातले. मागाचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवर अॅल्युमिनियमची कडी कातून घेतली. ती हबच्या टोकावर घट्ट बसावी म्हणून तिला आतून खोबण ठेवली. डिस्क ब्रेकची तबकडीही आता डाव्या दांडीपासून सहा मिलिमीटर आत गेली होती. तिच्यासाठी सहा भोकांची एक अखंड चकती कातली आणि बोल्ट तितकेच लांब घेतले. प्रत्येक बोल्टखाली सुटे वायसर रचण्याची सूचना कोणी तरी केली, तेव्हा मामांनी ती ऐकूनही घेतली नाही, आणि ते योग्यच झाले. उतारावर साऱ्या देहाचा भार त्या सहा बोल्टांवर येतो. तेथे वायसरांची उतरंड रचणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय.

एवढे झाल्यावर चाक फ्रेममध्ये पक्के बसले, पण रिम मध्यापासून उजवीकडे तीन मिलिमीटर सरकलेली राहिली. ती मधोमध आणण्यासाठी तारा बदलाव्या लागणार, असे मुलाला वाटत होते. येथे शिक्षक वाचकांनी थोडे लक्ष द्यावे, कारण नववी-दहावीच्या वर्गात पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना याहून जिवंत उदाहरण सापडणे कठीण. तार हा कर्ण समजा. चाकाच्या पातळीतील तिची लांबी २९० मिलिमीटर धरा, आणि रिमच्या मध्यापासून हबच्या उजव्या कडेचे आडवे अंतर २० मिलिमीटर. कर्ण येतो २९०.६९. रिम तीन मिलिमीटर डावीकडे नेली की आडवे अंतर २३ होते आणि कर्ण होतो २९०.९१. फरक पाव मिलिमीटरही नाही! तारेच्या टोकाचा निपल एक पूर्ण फेरा फिरला की सुमारे ०.४५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे उजव्या बाजूचे निपल अर्धा फेरा सैल करायचे, डाव्या बाजूचे त्याहून किंचित जास्त आवळायचे, आणि मग चाकाचा आउट काढायचा. नवी तार एकही लागत नाही. आणखी एक लाभ पदरात पडतो. मागच्या चाकात उजव्या तारा नेहमी जवळजवळ उभ्या आणि फार ताणलेल्या असतात, डाव्या तिरप्या आणि सैल. रिम डावीकडे सरकल्याने दोन्ही बाजूंच्या ताणातील तफावत कमी होते. जुने चाक नव्या फ्रेममध्ये पूर्वीपेक्षा अधिक समतोल झाले, असा हा उलटा न्याय आहे.

मामांनी यातले एकही गणित कागदावर केले नाही. त्यांनी निपल अर्धा-अर्धा फेरा फिरवले, बोटांनी तारा चिमटीत धरून त्यांचा ताण अजमावला, आणि अर्ध्या दिवसात काम संपवले. मुलाने गणित रात्री घरी केले आणि दोघांचे उत्तर जुळले. आपल्या शिक्षणात हे दोघे एकमेकांना भेटतात कितीदा?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख वाचून कोणी उत्साही तरुण घरातली फ्रेम पहारीने फाकवू लागायचा. जुन्या पोलादी फ्रेमच्या मागच्या दांड्या चार-पाच मिलिमीटर फाकवून अधिक रुंद हब बसवणे शक्य असते; पोलाद वाकते आणि वाकलेले राहते. अमेरिकेतील सायकल-कारागीर शेल्डन ब्राउन यांनी, २००८ मध्ये त्यांचे निधन होण्यापूर्वी, ही पद्धत इतक्या तपशिलाने लिहून ठेवली आहे की जगभरचे दुरुस्तीवाले आजही तिचा आधार घेतात. दांड्या फाकवल्यानंतर त्या एकमेकींना समांतर आहेत की नाहीत, हे दोरा बांधून तपासावे लागते. पण अॅल्युमिनियमची किंवा कार्बनची फ्रेम अशी फाकवायची नाही, कदापि नाही. अॅल्युमिनियम आज वाकेल आणि एखाद्या दिवशी घाटात तुटेल. रुंद हब अरुंद फ्रेममध्ये घालण्यापेक्षा अरुंद हब रुंद फ्रेममध्ये घालणे नेहमीच सोपे, कारण धातू वाढवावा लागत नाही, भर घालावी लागते. ज्यांच्या हबची टोके सुटी होतात त्यांचे काम सरळ होते. ज्यांची होत नाहीत त्यांना पूर्ण एक्सल बदलावा लागतो, आणि क्वचित नवे चाक घेणेच शहाणपणाचे ठरते. पारख करणारा माणूस जवळ असणे म्हणूनच महत्त्वाचे.

जुने यंत्र नव्या गरजेला जुळवून घेणे ही इचलकरंजीला नवलाई नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासूनचा आपला इतिहास बव्हंशी हाच आहे. परदेशातून आलेले वापरलेले शटललेस माग येथल्या फिटरांनी उभे केले. ज्याचा सुटा भाग मिळत नाही तो लेथवर कातला. साध्या मागांचे काय करायचे, हा प्रश्न आला तेव्हा सरकारलाही शेवटी हीच वाट धरावी लागली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या 'पॉवरटेक्स इंडिया' योजनेत साध्या यंत्रमागांचे जागच्या जागी आधुनिकीकरण हा एक भाग होता. माग मोडीत काढायचा नाही. आडवा वा उभा धागा तुटताच तो थांबवणारी जोडणी त्याला बसवायची आणि त्यासाठी अनुदान द्यायचे. ही योजना मागवाल्यांच्या किती पदरात पडली यावर वाद होऊ शकतो, पण तिच्यामागचे तत्त्व वादातीत आहे. जो न्याय मागाला लावला तो चाकाला का लावू नये?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहकदिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक साधने, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे त्या वेळी निवडली गेली. त्या यादीत सायकल नाही. ज्या देशात मोटारगाडीपेक्षा सायकल अधिक घरांत आहे, त्या देशात हे घडावे याचे आश्चर्य वाटते. फार विचार केला तर ते वाटत नाहीसेही होते. सायकलवाल्याची बाजू मांडणारा समितीच्या दारात गाडीतून उतरत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

आमची मागणी मोठी नाही. हबवर आणि फ्रेमवर त्यांची रुंदी ठळकपणे कोरलेली असावी. टायरवर आकडा असतो, रिमवर असतो. मग ज्या मापावाचून चाक बसतच नाही ते माप तेवढे ग्राहकाने व्हर्निअर घेऊन का शोधावे? नवे माप बाजारात आणणाऱ्या उत्पादकाने जुन्या हबला लागणाऱ्या टोकांच्या जोडण्या निदान दहा वर्षे विकत ठेवाव्यात. अशा जोडण्या परदेशी बाजारात मिळतात, म्हणजे त्या करता येत नाहीत ही सबब चालणार नाही. १९४७ मध्ये स्थापन झालेली भारतीय मानक संस्था १९८७ मध्ये ब्युरो झाली; सायकलीच्या सुट्या भागांची मानके ठरवणे हे तिचे जुनेच काम आहे. आकडा कोरण्याचे एक कलम त्यांत घालण्यास पंचवार्षिक योजना लागू नये.

दिल्लीची वाट पाहत बसण्याचे मात्र काही कारण नाही. या गावात १९८२ पासून वस्त्रोद्योग व अभियांत्रिकीचे मोठे महाविद्यालय आहे, आणि मागांच्या सुट्या भागांसाठी धडधडणारे लेथ तर गल्लोगल्ली आहेत. दर वर्षी शेकडो विद्यार्थी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून काही तरी करतात. त्यांतील दोघा-चौघांनी १४२ चे १४८ आणि १०० चे ११० करणाऱ्या कड्यांची मोजमापे घेऊन, त्या भाराखाली तपासून, त्यांचे आरेखन गावातल्या दुरुस्तीवाल्यांच्या हाती दिले, तर तो प्रकल्प कपाटात धूळ खात पडणार नाही. उलट दिशेने, एखाद्या मामांना महिन्यातून एक दुपार कार्यशाळेत बोलावून चाकाचा आउट काढण्याचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. त्याचे मानधन कोणत्या खात्यात बसवायचे, याची चिंता लेखाशाखेने करावी. ही दुपार लवकर ठेवलेली बरी. सायकल दुरुस्तीच्या टपऱ्या एकामागून एक बंद होत आहेत, त्यांच्या जागी मोबाइलची दुकाने लागली आहेत, आणि मामांचा स्वतःचा मुलगा सायझिंगमध्ये नोकरीला आहे.

चाक तयार झाल्यावर मुलाने एक शंका काढली. उद्या ही सायकल मी कोणाला विकली, तर त्याला कसे कळायचे की हा हब मुळात १४२ चा आहे? मामांनी भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे बोट दाखवले. त्याचे दुकान चार पावलांवरच होते. लग्नातल्या तांब्यांच्या आणि परातींच्या रांगेत ती कडी एका बाजूला बसली आणि पाच मिनिटांत तिच्यावर सुबक अक्षरांत कोरून आले: १४२ + ६.